चिखलदऱ्याहून परत येताना मी गप्प बसले

सुनंदाताईची गाठ आठ दिवसांची नव्हती.

आठ महिन्यांची होती.

त्यातले अडीच महिने मला माहीत होतं.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. ती माझी मोठी जाऊ. हिवरखेडच्या घरात एकाच स्वयंपाकघरात आम्ही एकोणीस वर्षं काढली. मी तिला ताई म्हणायचे आणि अरेतुरे करायचे. नवीन माणसाला आम्ही सख्ख्या बहिणी वाटायचो.

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, पाहुणे गेले, आणि ताई भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी दोन दिवस घरी नाही. चिखलदऱ्याले चालली. तुले यायचं असन तं पिशवी भर."

सासूबाई बघतच राहिल्या. लग्नानंतर माहेर आणि शेत सोडून ताई कुठे गेलीच नव्हती.

एसटीचं अर्धं तिकीट, डब्यात पोळ्या आणि ठेचा, वर गेल्यावर स्टँडमागच्या लॉजमधली सगळ्यात स्वस्त खोली. एवढंच बजेट.

अकोटला बस बदलली, परतवाड्याला परत बदलली, मग घाट लागला. घाटातच ढग खिडकीतून आत यायला लागले. ताईने हात बाहेर काढला. कंडक्टर ओरडला. तिने हात आत घेतला आणि ओला तळवा माझ्या गालाला लावला.

पॉइंटवर काही म्हणजे काही दिसलं नाही. दरी नाही, समोरचा डोंगर नाही. पाऊस थांबला होता तरी झाडं गळतच होती. लोक वैतागून गाड्यांत जाऊन बसत होते.

ताई रेलिंग धरून अर्धा तास उभी होती.

टपरीवर कॉफी घेतली. "कोणीतरी मले आयता कप हातात देऊन राहिलं," ती म्हणाली. "अजून एक सांग."

लॉजवर आलो तेव्हा दोघी चिंब. दुपारचे तीन वाजले असतील. ताई पाठ करून साडी बदलत होती. उजवा हात वर जाईना, म्हणून मी मदतीला गेले.

आणि मला दिसलं.

छातीवर, काखेच्या बाजूला. लिंबाएवढी गाठ. वरची कातडी आत ओढलेली.

"ताई, हे काय हाय?"

"गाठ हाय."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"दादाले माहीत हाय?" दादा म्हणजे माझे भासरे, ताईचे मालक.

"नाही. आन तू बी सांगजो नको."

"काहून?"

ती कॉटवर बसली. प्रणिताचं, म्हणजे तिच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख होती.

"पाहुण्याच्या कानावर गेलं तं म्हणतीन, आज मायले हाय, उद्या पोरीले होईन. सोयरीक मोडन. लग्न होऊ दे. मंग तू म्हनशीन त्या डॉक्टरकडे येतो." आणि मग तिने माझा हात घट्ट धरला. "पोरीची शपथ हाय तुले."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिरलो, भुट्टे खाल्ले, फोटो काढले. डीपीला लावलेला ताईचा हा फोटो त्याच दिवसाचा आहे. लोक म्हणतात, किती छान हसते. मला तो बघवत नाही.

परत येताना अकोटला उतरलो. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. मी म्हटलं, "ताई, चाल, नुसतं दाखवून येऊ."

"अकोटात आपल्याले कोण ओयखत नाही?"

हिवरखेडची बस लागलेली होती. ती चढली. मीही तिच्यामागे चढले.

लग्न झोकात झालं. ताईने डाव्या हाताने पंगतीत वाढलं. कोणी विचारलं की म्हणायची, हात मुरगळला.

आठवड्याने ती आपणहून म्हणाली, चाल आता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "कधीपासून आहे?" शेजारी दादा उभे होते. दादा म्हणजे माझे भासरे, ताईचे मालक.

ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "आठ दिवस झाले."

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. दादांचा बसला.

तोवर ते लिव्हरपर्यंत गेलं होतं. केमो झाल्या, केस गेले, शेवटी शेवटी पाणीही पोटात राहत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात ताई गेली.

दादा आजही गावात सांगतात, "आठ दिवसांत वाढलं हो. काही करताच आलं नाही." बायका ऐकतात, माना हलवतात. मी चहाचे कप उचलते.

मी हे असंच झाकून ठेवलं असतं.

पण मागच्या महिन्यात प्रणिताचा फोन आला. "काकू, मला छातीत लहानशी गाठ लागते. महालक्ष्म्या झाल्या की दाखवीन."



दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी तिच्या सासरी गेले आणि तिला घेऊन थेट अकोल्याला. तिच्या सासूने काय झालं विचारलं, तेव्हा तिलाही मी स्पष्ट सांगितलं.

गाठ साधी निघाली.

रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर मी प्रणिताला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या लग्नात तू हळद लावून नाचत होती काकू."

त्या दिवसापासून ती माझा फोन घेत नाही.

तिचा राग बरोबर आहे.

बायांनो, कोणी अशी गाठ दाखवून गप्प राहायला सांगितलं तर राहू नका. ती चिडेल, बोलणं टाकेल. टाकू द्या.

दादा, तुम्हीही हे वाचाल. इतक्या वर्षांत मी तुमच्यासमोर बसून कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते आहे. आठ दिवसांत वाढलं नव्हतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. आज संध्याकाळी मी घरीच आहे. यांच्याजवळ, तुमच्या भावाजवळ, निरोप देऊ नका, समोर बसून जे बोलायचं ते बोला. मी ऐकीन.

सुनंदाताई, तुझ्या आठवणीला नमस्कार.