रेस सोडली की बंद पडते

मामाचा उजवा पाय स्वस्थ बसलेला मी एकदाच पाहिला. एरवी तो सतत हलायचा. दुकानात खुर्चीवर बसला की खाली चप्पल टपटप वाजायची. कीर्तनाला गेला तर पुढच्या माणसाची पाठ हलू लागायची आणि तो बिचारा भजनाला साथ मिळाली असं समजायचा. मामी आळंदकडची, माहेरी कन्नड बोलणारी. तिचं मराठी बेताचं, पण टोमणा नेमका बसायचा. "ह्यांना स्टार्टर हाय, ब्रेक न्हाई," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

खटकचिंचोळीत आमच्या शेजारीच मामाचं घर आणि बी-बियाण्यांचं दुकान होतं. पण गिऱ्हाइकाला तुरीचं बी देण्याआधी तो त्याच्या फटफटीचा आवाज ऐकायचा. "बी देतो, पण आधी प्लग बदल," असं म्हणून मगच पोत्याला हात लावायचा. गावातला पंप असो की मामीचा मिक्सर, खोलून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पुन्हा जोडताना एक-दोन स्क्रू हमखास उरायचे. कोणी विचारलंच तर तो शांतपणे म्हणायचा, "कंपनीवाले जास्तीचेच देतेत."

त्याची खरी लाडकी म्हणजे गोल दिव्यांची जुनी पांढरी मोटार. मी शाळेत असताना त्याने ती घेतली. मी स्टिअरिंगशी खेळत बसायची आणि तो बाहेरून काचा पुसायचा. तेव्हाच एकदा त्याने जाहीर करून टाकलं, "शैले, तू सासरी जाशील ती ह्याच गाडीत. चालवणार मी." मी लहान होते, मला ते खरं वाटलं. त्यालाही खरंच वाटत होतं, हे मला फार पुढे कळलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा ती मोटार इंजिन बसल्यामुळे गोठ्याशेजारी उभी होती आणि तिच्यावर कडबा रचलेला होता. वडील मामाला म्हणाले, "पावणे नवी गाडी आणायलेत. तुम्ही कामून जीव काढायलाव?" मामा म्हणाला, "पावण्यांची गाडी पावण्यांना. मी पोरीला शब्द दिलाय." दुसऱ्या दिवशी कडबा खाली आला आणि इंजिनही.

ओसरीभर पोती पसरून त्याने इंजिनाचा संसार मांडला. भालकीचा चाँदमिस्त्री मदतीला आला होता. "मामा, हमारे को जरा देखने देव ना," तो म्हणाला. "नक्को. चाय पी और जा," मामाने त्याला वाटेला लावलं. नवे पिस्टन आले, रिंगा आल्या, पण एवढ्या जुन्या गाडीची पॅकिंगं काही मिळेनात. लोखंडाचे दोन भाग जोडताना मधून हवा जाऊ नये म्हणून घालतात ती. मग मामाने पुठ्ठ्यातून सगळी पॅकिंगं स्वतः कापली. कार्बोरेटरखालचं मात्र त्याने माझ्या लग्नपत्रिकेतून कापलं. कागद जाड होता हे एक कारण. दुसरं त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं लग्न इंजिनाला ठाऊक असू दे."

आणि काय सांगू, पहिल्याच किल्लीला गाडी चालू झाली! मामीने नारळ फोडला, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाने मिशीवरून हात फिरवत पाय उचलला आणि गाडी बंद पडली. पुन्हा किल्ली, पुन्हा चालू. रेस दिली की वाघासारखी गुरगुरायची, रेस सोडली की ठप्प.

पण म्हणून गाडी घरी ठेवील तो मामा कसला? पत्रिका वाटायला त्याने आमच्यासाठी तीच गाडी काढली. दारात गाडी गर्जत उभी, मामाचा पाय रेसवर, आणि आई पळत जाऊन कुंकू लावून, पत्रिका हातात देऊन पळत परत. कडगंचीला माझी मैत्रीण चहाचा कप घेऊन गाडीमागे धावली. "लग्नाला ये, तिथं पिऊ!" मी खिडकीतून ओरडले. आपल्याला निमंत्रण इतक्या घाईत मिळालं म्हणून एक आजी रुसल्या, त्या अजून रुसलेल्याच आहेत.

घरी आल्यावर उरलेला दिवस मामाचं डोकं बॉनेटखाली. प्लग बदलले. पॉइंट घासले. कार्बोरेटर इतक्यांदा खोलून धुतला की मामी म्हणाली, "माझ्या पातेल्यांना एवढं सुख मिळालं न्हाई." रेस नसताना इंजिन चालू ठेवतो तो स्लोचा स्क्रू आत घेतला, बाहेर घेतला, काही फरक नाही. ओट्यावरची मंडळी सल्ले देऊन जायची. एक म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे, दुसऱ्याला शनीची शंका आली. चाँदमिस्त्रीला बोलवा म्हटलं की मामाचा पाय जास्तच जोरात हलायचा.

लग्नाच्या आदल्या सकाळी वडिलांनी पाहुण्यांना फोन करून नवी गाडी नक्की आणायला सांगितलं. मामाने ते ऐकलं. तो ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तर त्याचा उजवा पाय दगडासारखा स्थिर होता. मला रडूच आलं. उद्या सासरी जायचं होतं त्याचं नव्हे, त्या पायाचं.

मामी बाहेर आली ती गाणगापूरच्या उदबत्त्यांचा पुडा घेऊन. "तुमचं सगळं करून झालं की न्हाई? आता मला देवाचं करू द्या. शैले, बस आत, चालू ठेव."

मी बसले, रेस दाबून धरली. मामीने उघड्या बॉनेटवर उदबत्ती ओवाळायला सुरुवात केली. मामा उडी मारून उठला, "अगं ए, पेट्रोल हाय तिथं! घर पेटवतीस का?"

"थांबा हो. हे बघा. धूर वर जायला न्हाई. आत जायलाय."

खरंच, कार्बोरेटरच्या बुडाशी धुराची रेघ वाकत होती आणि एका फटीत शिरत होती. मामाने क्षणभर पाहिलं, मामीच्या हातातली उदबत्ती काढून पार तुळशीपाशी नेऊन खोचली, ओलं फडकं त्या फटीवर अंगठ्याने दाबून धरलं आणि ओरडला, "शैले, रेस सोड!"

मी पाय उचलला. इंजिन खाली आलं, अडखळलं, आणि मग मांजरासारखं घुरघुरत राहिलं.

"व्हय की गं!" मामा म्हणाला. अंगठा भाजत होता, पण तो काढायला तयार नव्हता.

पॅकिंग काढून पाहिलं तेव्हा सगळा उलगडा झाला. पत्रिकेवर मधोमध गणपती होता. त्याला कात्री कशी लावायची म्हणून मामाने त्याला वळसा घालून कडेने कापलं होतं आणि नेमकी पत्रिकेची घडी पॅकिंगमध्ये आली होती. त्या घडीच्या चिरेतून हवा शिरत होती. रेस दिल्यावर तेवढी हवा इंजिनाला जाणवत नव्हती, रेस सोडली की तीच त्याचा गळा धरत होती. मामाच्या निरोपावरून चाँदमिस्त्री पॅकिंगचा खरा कागद घेऊन आला, तेव्हा हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गनपती अच्छे मामा, पन पॅकिंग का कागज अलग रहता!" या वेळी मामाने त्याला चहा पाजून घालवलं नाही, जेवायला बसवलं.

लग्न झालं. निघताना आई, मावश्या, शेजारणी एकेकीच्या गळ्यात पडून रडत होत्या. ते बराच वेळ चाललं आणि तेवढा वेळ ती पांढरी मोटार दारात चालू उभी होती. मामा खाली उतरून, हाताची घडी घालून तिच्याशेजारी उभा. पाहुण्यांची नवी गाडी मागे मोकळी उभी होती. "ऐका," तो पाहुण्यांना म्हणायचा, "कोणाचा पाय न्हाई रेसवर!" रडता रडता मला हसू येत होतं.

कलबुर्गीला सासरच्या दारात आम्ही उतरलो. सासरे पुढे आले, "मामा, या, चहा घ्या." मामा काही उतरला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून, समोरच बघत म्हणाला, "न्हाई हो, न्हाई जमत. रेस सोडली की बंद पडती बघा." आणि उगाचच रेस देत राहिला. दुपारी अर्धा गाव साक्षीला धरून जी गाडी रेसवर पाय नसताना चालू उभी राहिली होती, तिला संध्याकाळी त्याने अशी बदनाम केली. माझ्याकडे एकदाही न बघता तो निघून गेला.

पुढे मी माहेरी आले की परत सोडायला मामाच यायचा. दरवेळी दारात तेच. "उतर लवकर माय, बंद पडल." मी दरवेळी लगबगीने उतरायची. मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. आमच्या दोघांचं निरोप घेणं तेवढंच.

गेल्या वर्षी तो गेला. त्याआधी मी भेटायला गेले होते. गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलं होतं, म्हणून मी दुसऱ्याच्या गाडीने निघाले. मामा पहिल्यांदाच मला निरोप द्यायला दाराशी उभा राहिला. मी वाकून पाया पडले, तेव्हा दिसलं, त्याचा उजवा पाय पायरीच्या दगडावर दाबलेला होता. पूर्ण, पार तळापर्यंत.

"जाते मामा," मी म्हटलं. "लवकर जाते. बंद पडेल."