पाहुण्यांसाठी टाकलेला युरिया
युरियाचं पोतं उसवलं की नाकाला झोंबणारा तो वास मला थेट कडेगावच्या बाजूच्या एका शाळूच्या रानात नेतो. माझ्या लग्नाआधी मुलाचं घर आणि रान बघायला आमची मंडळी निघाली, तेव्हा मीही हट्टानं जीपमध्ये बसले. पाहुणे येणार म्हणून मुलाच्या आईनं पिकाला दुप्पट युरिया घातलाय, हे आम्हाला कुठं ठाऊक! ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, हिरवीगार, पानं तेल चोपडल्यागत चकाकत होती. "लय झ्याक पीक हाय!" म्हणत माझे वडील खुशीत आत शिरले आणि बाहेर आले तेव्हा पांढरा सदरा चिकट झालेला, त्यावर बारीक मावा वळवळत होता. ती चकाकी त्या किडीनं टाकलेल्या चिकट्याची होती. "आवं, दव हाय ते," मुलाची आई घाईनं म्हणाली. डोक्यावर दुपारचं ऊन होतं. वडील जीपकडं वळले, तसा मुलगाच पुढं झाला. "दव न्हाई, मामा. तुमी येणार म्हणून आईनं युरिया जास्त टाकला. ज्वारीची ताटं नुसती वाढत सुटली. किडीला नको वाटंल असा तुरटपणा अंगात धरायला त्यांना सवडच झाली न्हाई. बांधाकडची बघा, तिथं युरिया पोचला न्हाई." बांधाकडची ताटं बुटकी, पिवळसर आणि राठ होती, पण त्यांच्यावर मावा जवळजवळ नव्हताच. वडील खो खो हसत सुटले आणि मी मनातल्या मनात होकार देऊन मोकळी झाले. अजूनही सासूबाईंच्या हातात युरियाचं घमेलं दिसलं की मी विचारते, "आत्या, आज कोण बघायला येणार हाय?"