कोवळे मासे

दवाखान्यात स्पिरिटचा वास आला की ऐंशीच्या दशकातली आमच्या नाशिकच्या घरातली एक दुपार आठवते. अंटार्क्टिकाच्या समुद्रावरच्या मासेमारीच्या मोहिमेवरून परतलेला दादा माशांच्या कानातले बारीक खडे स्पिरिटने पुसून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि त्यांवरच्या वलयांवरून माशांचं वय ठरवायचा. "सगळे कोवळेच आहेत. मोठे मासे पकडून संपवलेत," तो म्हणाला. "मग अहवालात तसंच लिही," आजारी वडील पलंगावरून म्हणाले. "मासेमारी थांबवा असं लिहिलं, तर पुढच्या मोहिमेला मला नेणार नाहीत, अण्णा." वडील उशीवर जरा वर सरकले. मग म्हणाले, "तरी लिही." त्याने लिहिलं. त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. तो नाशिकच्याच कॉलेजात शिकवू लागला, वडिलांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या उशाशी होता. त्या समुद्राबद्दल तो परत कधी बोलला नाही, आणि मलाही अजून विचारायचा धीर झालेला नाही.