एका नंबरावर एकच बाई

सुमेधाला राग येत नाही, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. तसं म्हणणं त्यांच्या सोयीचं होतं. जालन्याच्या त्या बियाणं कंपनीत ती कॉम्प्युटरवर आकडे भरायला म्हणून लागली, आणि बघता बघता अर्ध्या ऑफिसाचं काम तिच्या गळ्यात पडलं. पगार मात्र आकडे भरणाऱ्या पोरीचाच राहिला. बोलली असती तर राग दिसला असता. ती बोलली नाही, एवढंच.

पोरगी हसनाबादची, बौद्ध वस्तीतली. भोकरदनला बीएस्सी झाली. प्रोग्रॅमिंग तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण हल्ली कोड न लिहिता, स्क्रीनवर चौकटी सरकवून अ‍ॅप बनवता येतं, हे तिनं मोबाइलवर पाहून पाहून शिकून घेतलं आणि कंपनीसाठी अ‍ॅप उभं केलं. शेतकऱ्यानं त्यात ‘प्लॉट पाहायला या’ हे बटण दाबायचं. सुपरवायझर लोकांची कामं दुसऱ्याच एका प्रणालीत लागायची, तिला सगळे ‘टास्क’ म्हणायचे. या दोघांच्या मधोमध सुमेधानं ऑटोमेशन बसवलं. इकडे बटण दाबलं की तिकडे आपोआप सुपरवायझरच्या नावावर टास्क पडायचं. उशीर झाला तर ते मालकांच्या स्क्रीनवर लाल व्हायचं. मालक खूश झाले. त्यांनी पाठ थोपटली मॅनेजर राधेश्याम सरांची.

हे सर स्वतः शेतकऱ्याचं पोर. वडीगोद्रीकडचे. पण खुर्ची मिळाली की काही माणसांना आपलं गाव दिसेनासं होतं, त्यातले ते. काही शेतकरी घाईघाईत तेच बटण पुन्हा पुन्हा दाबायचे. ऑटोमेशनला महिन्याला ठरावीक फेऱ्या, आणि एकेका दाबण्याला एक फेरी खर्च. त्या लवकर संपू लागल्या. सरांनी हुकूम सोडला, “एका मोबाइल नंबरवरून हंगामात एकच टास्क. बाकीचे तिथल्या तिथं अडवा.”

“सर, आमच्याकडं एका फोनवर अख्खी गल्ली चालते,” सुमेधा म्हणाली. “गॅसचा नंबर लावायचा तर तोच फोन, पोराचा निकाल बघायचा तर तोच.”

“मग त्यांना म्हणावं, फोन घ्या. आपण काय वाटायला बसलोय का?”

आणि सर हसले. सुमेधानं त्या नियमाची चौकट अ‍ॅप आणि टास्कच्या मधे बसवली. बसवताना दात-ओठ खाल्ले, पण बसवली.

आता हसनाबादच्या त्या वस्तीचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचा संताप कळायचा नाही. तिथल्या बाया हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये कंपनीसाठी मिरचीचं संकरित बी तयार करतात. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे आणि सकाळी तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. पण त्याआधी कंपनीचा माणूस प्लॉटमधून फिरून, भेसळीची रोपं उपटून ‘करा सुरू’ म्हणाला पाहिजे. तो म्हणेपर्यंत एकाही कळीला चिमटा लावायचा नाही. लावला तर अख्खं बी बाद. हा नेम त्या बाया देवळातल्या पूजेसारखा पाळतात म्हणावं, तर पूजेतही माणूस कधीमधी सूट घेतो. या घेत नाहीत.

वस्तीत दिवसा अ‍ॅपचा फोन एकटीकडे, सुमेधाच्या आत्याकडे, बेबीनंदाकडे. बाकीच्यांचे घरधनी फोन खिशात घालून कामाला जातात. बेबीनंदानं सगळ्यांना गोळा केलं आणि एकामागून एक सगळ्यांच्या प्लॉटसाठी बटण दाबलं. पहिलं शेजारच्या म्हाताऱ्या तातेरावांचं, मग बाकीच्यांचं आणि स्वतःचं सगळ्यात शेवटी. ऑटोमेशननं तातेरावांचं पुढं पाठवलं. बाकीच्यांना एकच बाई समजून गिळून टाकलं.

सुपरवायझर कल्याण आला, तातेरावांचा प्लॉट पाहून गाडीवर बसला. बाया गाडीला आडव्या आल्या. “मला एवढंच टास्क आलंय,” म्हणाला आणि धूळ उडवत गेला. त्यांनी ऑफिसात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “अ‍ॅपवर टाका.” त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा गिळलं गेलं. इकडे कळ्या उमलून वाया चालल्या होत्या. बेबीनंदानं भाचीला फोन केला नाही. पोरीच्या नोकरीत आपली लुडबूड नको, असं तिला वाटलं.

आणि एका सोमवारी बेबीनंदाच्या फोनवर एकामागून एक मेसेज धडकले, ‘पाहणीची मागणी न आल्यामुळे आपल्या प्लॉटचा करार रद्द करण्यात येत आहे.’ तेही ऑटोमेशननंच पाठवले होते. शब्द सुमेधाचे होते.

तेव्हा मात्र बेबीनंदानं फोन केला.

“सुमे, रोज बटन दाबून राह्यले मी. बोट झिजलं माहं. अन् तुही कंपनी म्हन्ते मागणीच न्हाई आली? मंग आम्ही काय भुतं हाव का?”

सुमेधानं अडवलेल्या मागण्या उघडून पाहिल्या. हौशाबाई, दैवशाला, पंचफुला, बेबीनंदा. पुन्हा हौशाबाई, पुन्हा दैवशाला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तशीच सरांच्या केबिनमध्ये शिरली.

“सर, त्यांनी मागणी केली होती. आपण अडवली. रद्दचे मेसेज मागं घ्या आणि आजच माणूस पाठवा.”

“सिस्टिममध्ये नाही म्हणजे नाही,” सर मान वर न करता म्हणाले. “अन् तिथं तुमचे नातेवाईक आहेत ना? मग तर तुम्ही यात बोलूच नये.”

सुमेधा जागेवर आली. नियमाची ती चौकट तिनं पुसून टाकली. अडवलेली प्रत्येकीची मागणी पुन्हा चालवली, फक्त टास्क कुणाच्या नावावर पडावं तिथं कल्याणचं नाव काढून राधेश्याम सरांचं घातलं, आणि मुदत घातली आजची. भिंतीपलीकडं सरांचा फोन टिंगटिंग वाजू लागला.

सर धावत बाहेर आले. “हे काय चालवलंय? काढा! मालकांच्या स्क्रीनवर लाल होईल ते!”

“होऊ द्या,” सुमेधा म्हणाली, आणि सगळं ऑफिस वळून बघायला लागलं इतक्या मोठ्यानं म्हणाली. “मला घरी बसवायचं तर उद्या बसवा. आज गाडी काढा.”

सरांना आणि सुमेधाला घेऊन गाडी निघाली. राजूर गेलं, हसनाबाद आलं. बाया वस्तीच्या तोंडाशीच उभ्या होत्या. सरांनी शेडनेटात नुसतं डोकावून पाहिलं आणि बेबीनंदाला बाजूला घेतलं.

“मावशी, तुमचा प्लॉट मी पास करतो. बाकीच्यांचं मग बघू. ओरडा करू नका.”

बेबीनंदानं ते बाजूला घेऊन सांगितलेलं सगळ्यांच्या मधोमध आणून टाकलं. “ऐकलं का गं बायांनो? माहा एकटीचा पास करून राह्यले सायब! इतके दिवस तुमच्या मशिनीनं आम्हाला एकच बाई धरलं, अन् आता तुम्हीबी तेच करता? सगळ्यांचे बघा, न्हाई तर माहंबी राहू द्या. बिलकुल पाय ठिवू नका माह्या प्लॉटात.”

सरांचं तोंड उतरलं. बूट काढून ते हौशाबाईच्या शेडनेटात शिरले. प्रत्येकीच्या सरीसरीतून फिरले, भेसळीची रोपं स्वतःच्या हातानं उपटली आणि दिवस कलता कलता शेवटच्या प्लॉटात ‘करा सुरू’ म्हणाले. रद्दचे मेसेज मागं घेतो, हेही त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. पहिला बहर गेला तो गेलाच. पुढच्या कळ्या मात्र अजून मिटलेल्या होत्या.

सुमेधाला वाटलं, आता आत्या आपल्याला जवळ घेईल. बेबीनंदा आली आणि तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अन् तू गं? तुला तर ठाव व्हतं, इथं एकच फोन हाय. त्यानं सांगितलं अन् तू करून मोकळी झालीस?”

“मी बोलले होते त्यांना, आत्या.”

“बोल्लीस. मंग केलंसच की.”

 नोकरी जायची भीती होती, हे खरं कारण सुमेधाच्या ओठांवर आलं आणि त्या बायांच्या देखत तिला ते बोलवेना. दिवसभर दुसऱ्यांवर काढलेला सगळा राग एकदम तिच्याच अंगावर उलटला आणि डोळे भरून आले.

“आता रडू नको,” बेबीनंदा कडाडली. तिनं आपल्या हातातला चिमटा सुमेधाच्या हातात कोंबला. “बस त्या सरीत. अंधार पडायच्या आत कळ्या करून व्हायला पाह्यजेत, अन् आमचे हात कमी पडून राह्यले.”