नाव विचारू नकोस

आम्ही भुईगावहून शाळेत जायचो, तेव्हा ती रोज उमेळ्याच्या फाट्यावर आमच्या एसटीत चढायची. कुठल्याशा इस्पितळात नर्स होती. पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट आणि बोलताना तोंड फिरवून घ्यायची सवय. आम्हां पोरींना ती शिष्ट वाटे.

माझं नर्सिंगला नक्की झालं तेव्हा मी तिला विचारलं, तिथे काय करावं लागतं? खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "सगळं जमतं गं बाय. फक्त पेशंटचं नाव विचारू नकोस. नाव कळलं की हात थरथरतो."

पहिल्याच महिन्यात क्षयाच्या वॉर्डात आम्हाला रोग्याचं अंग पुसायला शिकवलं. कोपऱ्यातल्या खाटेवर ती होती. मला पाहून तिने तोंड फिरवलं आणि खोकली. बसमध्ये ती असं का करायची, ते मला तेव्हा कळलं.

"ये, माझ्यावर शीक," ती म्हणाली.

मी तिची पाठ पुसली. हात थरथरला नाही.

त्याच आठवड्यात ती गेली. रविवारी मी घरी आले, आईला सांगितलं. संध्याकाळी रोजरीच्या प्रार्थनेला गुडघे टेकताना आई म्हणाली, "नाव सांग तिचं. तिच्यासाठीही मागू."

मी तिचं ऐकलं होतं. मला नाव ठाऊक नव्हतं.