आठ महिन्यांच्या गाडीचं इंजिन

आमची पिकअप जेमतेम आठ महिन्यांची होती. मी आणि बायको हापूसच्या पेट्या घेऊन बांद्याला निघालो होतो. मसुऱ्याजवळ इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला आणि तेलाचा लाल दिवा पेटला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, “हळूहळू चालवत आणा.”

समोरच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी मला एकदाच गाडी चालू करायला सांगितली आणि लगेच हात वर केला.

“बंद कर! तेल वर चढणा नाय. आता चालवलंस तर इंजिन कायमचा जातला.”

मी त्यांचंच ऐकलं. पेट्या त्यांच्या पडवीत उतरवल्या, संध्याकाळी दुसऱ्या टेम्पोने पाठवल्या. आमची गाडी दुसऱ्या गाडीला टोचन करून सर्व्हिस सेंटरला नेली.

इंजिन खोललं तेव्हा तेलाचा पंपच निकामी निघाला. वेळेत बंद केल्यामुळे बाकीचं वाचलं, असं तिथल्या मॅनेजरनेच कबूल केलं. वॉरंटीत सगळं दुरुस्त झालं, पण ऐन हंगामात तीन आठवडे गेले.

गाडी घरी आणताना बायकोने किल्ली मागून घेतली. मी शेजारी बसलो, पण कान इंजिनाकडेच. विजयदुर्गाच्या रस्त्याला लागल्यावर ती हसून म्हणाली, “अवो, आवाज काय आयकतास? कायतरी बोला मगे!”

मग आम्ही घरापर्यंत बोलतच राहिलो.