बाईंनी थर्मामीटर रानात नेला

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, मी आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला रुजू झालो. तिसऱ्याच दिवशी प्राणिशास्त्राच्या प्रा. सुलोचना दाभाडकर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, नव्या माणसाची विचारपूस करतील. त्यांनी विचारलं, "वारूळवाडीतल्या तुमच्या खोलीवर पत्रा आहे ना? दुपारी तापते?"

"फारच तापते."

"छान! मग एक फळी मला द्याल?"

संध्याकाळी मलमलीनं तोंड बांधलेल्या चार बरण्या आणि एक थर्मामीटर माझ्या खोलीत आला. बरण्यांत टोमॅटोच्या पानांवर फळ पोखरणाऱ्या अळीची अंडी होती. त्याच रात्री घातलेली आणखी अंडी बाईंनी प्रयोगशाळेच्या गार दगडी खोलीत ठेवली होती. माझ्याकडची चौथ्या दिवशी फुटली. त्यांच्याकडची आठवडा झाला तरी तशीच. पुढे अळी मोठी होणं, कोषात जाणं, पतंग होऊन बाहेर पडणं, सगळंच उबेत लवकर आणि गारठ्यात सावकाश. बाई रोज तापमान टिपायला येत. एकदा माझा थंड स्टोव्ह पाहून म्हणाल्या, "अळ्यांना रोज ताजा पाला मिळतो, आणि तुम्हाला?" दुसऱ्या दिवसापासून थर्मामीटर वाचायला येताना त्यांच्या हातात माझ्यासाठी डबा असे. माझं लग्न होईपर्यंत तो चुकला नाही.

बाईंचं कुतूहल बरण्यांपुरतं नव्हतं. आपल्याकडे तेव्हा दर आठवड्याला वार ठरवून औषध मारत. बाई म्हणत, अळी फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. अंडी फुटतात तेव्हाच फवारायला हवं. पिंपरी पेंढारच्या बबनरावांना हे पटलं. फवारून फवारून त्यांचं डोकं धरायचं. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांच्या टोमॅटोवर अंडी दिसली, तेव्हा बाईंनी कॉलेजच्या व्हरांड्यातला थर्मामीटर पाहून हिशेब केला आणि सांगितलं, "सहा दिवस थांबा."

पाचव्या दिवशी मी बाईंच्या प्रयोगशाळेत असताना बबनराव पिशवी घेऊन आले. ती त्यांनी टेबलावर रिकामी केली. हिरव्या टोमॅटोंना देठाजवळ भोकं पडली होती.

"म्याडम, तुमच्या बरणीतली आळी येगळी आन् माझ्या रानातली येगळी, असं हाय का? मी तर तुमच्या शब्दावर थांबलो व्हतो."

बाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी एक टोमॅटो उचलून भोकाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अळी तीच आहे, बबनराव. चूक माझी आहे. पण कुठे चुकलं, ते मला बघू द्याल?"

त्याच दुपारी आम्ही तिघं रानात गेलो. बाईंनी थर्मामीटर झाडाच्या शेंड्याशी, पानांमध्ये धरला. व्हरांड्यातल्यापेक्षा पारा बराच वर चढला. "मी सावलीतली हवा मोजली," त्या म्हणाल्या, "अंडी तर उन्हात आहेत." एवढं कळल्यावर त्यांनी पदर खोचला आणि बबनरावांच्या घरच्यांबरोबर किडकी फळं वेचायला बसल्या. सलग तीन दिवस त्या कॉलेज सुटल्यावर जात होत्या. पहिला तोडा निम्म्यावर आला. तेवढं नुकसान व्हायचं ते झालंच. पुढे राजुरीच्या शेतकरी मेळाव्यात बोलायला उभ्या राहिल्यावर त्यांनी सुरुवातच या चुकीपासून केली. शेजारी बसलेले एक ज्येष्ठ सहकारी कुजबुजले, "हे सांगायची काय गरज होती?" मला मात्र त्या दिवशी विज्ञान शिकवायचं कसं, ते कळलं.

पुढच्या हंगामात प्रयोग बबनरावांच्या रानात झाला. अंडी असलेल्या फांद्यांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या. रोज दुपारचं आणि पहाटेचं तापमान बबनरावांनीच लिहून ठेवलं. एका सकाळी कॉलेजच्या ऑफिसातला फोन वाजला. "म्याडम, आज फुटत्यात बगा! लई बारीक हायती, पर दिसत्यात." बाई तास अर्धवट टाकून पळाल्या, आणि त्यांच्यामागे अख्खा वर्ग! त्या हंगामात बबनरावांनी नेहमीच्या निम्म्याहून कमी वेळा औषध मारलं आणि माल चांगला निघाला.

बाईंनी आता साठी गाठली आहे. निवृत्तीनंतर काय करणार, असं परवा विचारलं, तर म्हणाल्या, "आंबेगावच्या डोंगराकडे भातावरचा खोडकिडा थंडीत कुठे राहतो, ते पाहायचंय. तुमची मोटारसायकल चालू आहे ना?"

चालू आहे, बाई. आपल्या गुडघ्यांनी बांधावरची चाल विसरू नये, डोळ्यांना बारीकातलं बारीक अंडं दिसत राहावं, आणि आरोग्यसंपन्न अशी पुष्कळ वर्षं आपल्याला लाभावीत, एवढीच आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. रविवारी सकाळी सहाला मी दाराशी येतो.